आर्थिक स्वातंत्र्याची मार्कशीट: डेन्मार्क कशात नापास आणि भारत कशात पास

मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडा. समजा एका देशाचं सरकार, म्हणजे केंद्र, राज्यं, नगरपालिका सगळं धरून, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ३० टक्के इतका खर्च करतं. ३० चा वर्ग ९००. त्याला ०.०३ ने गुणा, आले २७. हे १०० मधून वजा करा. उरले ७३. ‘सरकारी खर्च’ या विषयात या देशाला शंभरपैकी ७३ गुण.

आता दुसरा देश. खर्च ५० टक्के. ५० चा वर्ग २५००, गुणिले ०.०३ म्हणजे ७५. शंभरातून ७५ गेले, उरले २५.

पहिला देश म्हणजे साधारणपणे भारत. दुसरा साधारणपणे डेन्मार्क. खर्च ५८ टक्क्यांवर गेला की उत्तर शून्याच्याही खाली जातं आणि मग सरळ शून्य गुण देतात. फ्रान्स बहुतेक वर्षं त्याच रेषेच्या आसपास घुटमळत असतो.

हे सूत्र मी घरी बसून तयार केलेलं नाही. वॉशिंग्टनमधली हेरिटेज फाउंडेशन ही संस्था १९९५ पासून दरवर्षी ‘आर्थिक स्वातंत्र्य निर्देशांक’ काढते, त्यातलं हे आहे. त्यामागचा तर्क अगदीच वेडगळ नाही. सरकारने खर्च केलेला प्रत्येक रुपया म्हणजे तुमच्या-माझ्या हातातून गेलेला एक निर्णय, असं ते मानतात. वर्ग घेण्याचं कारण असं की पोलीस, न्यायालयं, रस्ते यांच्यावरच्या सुरुवातीच्या खर्चाला फार शिक्षा होऊ नये, आणि खर्च वाढत जाईल तशी शिक्षा जोरात वाढावी.

पण मग एक अडचण येते. डेन्मार्क भारतापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे हे सांगायला पीएचडी लागत नाही. आणि याच निर्देशांकाच्या २०२४ च्या यादीत डेन्मार्क ७७.८ गुणांसह सातवा होता, भारत ५२.९ गुणांसह १२६वा. सरकारी खर्चात २५ मिळवणारा सातवा येतो आणि ७३ च्या आसपास मिळवणारा १२६वा, ही काय भानगड आहे? या लेखात तीच उलगडून बघायची आहे. ‘मोकळी अर्थव्यवस्था म्हणजे समृद्धी’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यातला ‘मोकळी’ हा शब्द नक्की कशाचा बनलाय हे विचारायचं राहून जातं. आणि उत्तरावर बरंच काही अवलंबून आहे. भारताने सरकारी खर्च कापावा की न्यायाधीश भरावेत, हे दोन सल्ले एकाच आकड्यातून निघू शकतात.

आधी थोडा इतिहास. अशा मोजमापाची कल्पना १९८० च्या दशकातली. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन आणि कॅनडातल्या फ्रेझर इन्स्टिट्यूटचे मायकल वॉकर यांनी १९८६ पासून परिषदांची एक मालिकाच भरवली. प्रश्न एकच: आर्थिक स्वातंत्र्य आहे-नाही असं नुसतं म्हणण्याऐवजी ते मोजता येईल का? त्यातून १९९६ साली जेम्स ग्वार्टनी, रॉबर्ट लॉसन आणि वॉल्टर ब्लॉक यांचा पहिला अहवाल आला. हेरिटेजचा निर्देशांक त्याच्या आदल्या वर्षीच निघालेला होता. म्हणजे आज जगात दोन मुख्य मोजपट्ट्या आहेत. फ्रेझरची ० ते १० आणि हेरिटेजची ० ते १००. दोन्ही संस्था मुक्त बाजारपेठेच्या बाजूच्या आहेत आणि ते त्या लपवतही नाहीत. एवढ्यावरून त्यांचे आकडे फेकून द्यावेत असं मला वाटत नाही. पद्धत उघड आहे, सूत्रं छापलेली आहेत, कुणीही तपासू शकतं. मीही रोज हेच आकडे वापरते.

फ्रेझर पाच गोष्टी बघते: सरकारचा आकार, कायदा आणि मालमत्तेचे हक्क, चलनाची स्थिरता, परदेशी व्यापाराची मोकळीक, आणि नियमन (म्हणजे कर्ज, कामगार आणि धंदा यांच्यावरचे नियम). पाचही भागांची सरासरी काढायची, प्रत्येकाला सारखं वजन. हेरिटेज १२ विषय घेते, त्यांनाही सारखं वजन.

हे ‘सारखं वजन’ प्रकरण दिसायला निरुपद्रवी आहे. दहावीचा टक्का आठवा. आपल्याकडे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं तेव्हा काय झालं? मुलं तीच, पेपर तेच, उत्तरं तीच. फक्त सरासरी काढायची पद्धत बदलली आणि अकरावीच्या कटऑफ लिस्ट हलल्या. शिवाय ८५ टक्के मिळवलेल्या दोन मुलींपैकी एकीला गणितात ९८ आणि भाषेत ७० असू शकतात, दुसरीचं नेमकं उलटं. इंजिनिअरिंगला कुणाला घ्यायचं हे टक्का सांगत नाही, मार्कशीट सांगते. देशांच्या यादीचंही तसंच आहे, फक्त बातमीत मार्कशीट छापून येत नाही, टक्का आणि नंबर येतो.

तर डेन्मार्कची मार्कशीट बघा. सरकारी खर्चात दांडी, करांच्या विषयातही फार चमक नाही. पण मालमत्तेचे हक्क, न्यायव्यवस्था, सरकारी सचोटी या तीन विषयांत नव्वदीच्या वर गुण. भारताचे त्याच तीन विषयांतले गुण पन्नाशीच्या आसपास किंवा त्याखाली. डेन्मार्क तिथे सगळी भरपाई करतो. म्हणजे ‘आर्थिक स्वातंत्र्यात डेन्मार्क पुढे’ या वाक्याचा खरा अर्थ ‘तिथे सरकार लहान आहे’ असा नाही. ‘तिथे करार मोडला तर दाद लागते आणि लाच द्यावी लागत नाही’ असा आहे.

उलट बाजूही बघण्यासारखी आहे. भारताला सरकारी खर्चात चांगले गुण मिळतात ते कुणी विचारपूर्वक सरकार आटोपशीर ठेवलं म्हणून नव्हे. आपल्याकडे केंद्र आणि राज्य मिळून कर जमा होतो तो जीडीपीच्या १७-१८ टक्क्यांच्या घरात, कारण बहुतेक अर्थव्यवस्था असंघटित आहे आणि तिच्यापर्यंत कर खातं पोचतच नाही. बऱ्याच गरीब देशांना या विषयात चांगले गुण मिळतात ते याच कारणाने. कर वसूल करायची ताकदच नसेल तर कागदावर सरकार ‘लहान’ दिसतं. ज्याला रस्त्यावर रोज हप्ता द्यावा लागतो त्या फेरीवाल्याला हे लहानपण जाणवत नाही, पण सूत्रात हप्त्याचा रकाना खर्चाच्या बाजूला नसतो.

आता समृद्धीकडे येऊ. या विषयावरचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र फ्रेझरच्या अहवालात दरवर्षी असतं. देश गुणांनुसार लावायचे, चार समान गट करायचे आणि प्रत्येक गटाचं सरासरी दरडोई उत्पन्न बघायचं. २०२३ च्या अहवालात (आकडे २०२१ चे) सगळ्यात मोकळ्या गटाचं दरडोई उत्पन्न ४८,५६९ डॉलर होतं आणि सगळ्यात बंदिस्त गटाचं ६,३२४ डॉलर. हे डॉलर त्या-त्या देशातली स्वस्ताई-महागाई जमेस धरून काढलेले. जवळपास पावणेआठ पट फरक!

चित्र खरं आहे. पण त्यातून ‘मोकळीक आली म्हणून पैसा आला’ हे सिद्ध होत नाही, आणि सेमिनारमध्ये हे चित्र दाखवलं की पहिला हात नेमका याच मुद्द्यावर वर जातो. एक तर बाण उलटा असू शकतो. श्रीमंत देशाला चांगली न्यायालयं, चांगल्या पगाराचे अधिकारी, कमी आयात शुल्क परवडतं. (गरीब देश आयात शुल्कावर अवलंबून असतात कारण बंदरावर कर गोळा करणं सगळ्यात सोपं. बोट एकाच ठिकाणी लागते!) दुसरं, भलतंच काहीतरी, म्हणजे भूगोल, इतिहास, शिक्षण, या दोन्हींना एकदम पुढे नेत असेल. आणि तिसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण मला ती जास्त सतावते. न्यायालय किती निष्पक्ष आहे याचे आकडे बरेचदा तज्ज्ञांना आणि उद्योजकांना विचारून येतात. उत्तर देणाऱ्याला देश श्रीमंत आहे हे आधीच माहीत असतं. मग तिथली कोर्टंही त्याला चांगलीच वाटणार, नाही का? असं असेल तर आपण समृद्धीची तुलना समृद्धीच्याच सावलीशी करतोय.

बाणाची दिशा शोधायचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न २००१ सालचा. डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन. या तिघांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांची युक्ती समजून घ्यायला मजा येते. त्यांना अशी काहीतरी गोष्ट हवी होती जिचा आजच्या उत्पन्नाशी थेट संबंध नाही, पण जिने मालमत्तेच्या हक्कांवर मात्र फार पूर्वी परिणाम केला. त्यांनी निवडलं काय, तर वसाहतींच्या काळात तिथे गेलेले युरोपीय किती मरत होते याचे आकडे. मलेरिया आणि पिवळ्या तापाने जिथे गोरे पटापट मरत, तिथे ते वस्ती करायला गेले नाहीत. तिथे त्यांनी फक्त माल उपसून नेणारी यंत्रणा उभारली. जिथे ते जगले, तिथे ते राहिले आणि स्वतःसाठी मालमत्तेचं रक्षण करणारे कायदे केले. या यंत्रणा पुढे टिकल्या. मग शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या मृत्युदरावरून आजच्या मालमत्ता-हक्कांचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजाचा उत्पन्नाशी संबंध बघायचा. संबंध भक्कम निघाला.

टीका झाली नसती तरच नवल. डेव्हिड अल्बुई यांनी दाखवलं की अभ्यासातल्या ६४ देशांपैकी ३६ देशांचे मृत्युदर त्या देशांतले नव्हतेच, दुसऱ्या देशांवरून ताडून घेतलेले होते. त्यावर मूळ लेखकांनी उत्तर दिलं, वाद अजून मिटलेला नाही. आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. या प्रसिद्ध अभ्यासाने तपासलं काय होतं? सरकार तुमची मालमत्ता बळकावेल याची भीती किती, एवढंच. सरकारचा आकार नाही, कामगार कायदे नाहीत, आयात शुल्क नाही. म्हणजे ‘आर्थिक स्वातंत्र्यामुळे समृद्धी येते याला नोबेलने शिक्कामोर्तब झालं’ असं कुणी म्हणालं, तर शिक्का बारा विषयांपैकी एका-दोनांवरच पडला आहे हे लक्षात घ्या.

मग बाकीचे विषय? स्वीडनच्या फ्रेड्रिक कार्लसन आणि सुसाना लुंडस्ट्रॉम यांनी २००२ साली फ्रेझरचा आकडा फोडून त्याचा एकेक भाग वाढीच्या दराशी वेगवेगळा जोडून पाहिला. कायदा आणि मालमत्ता हक्क यांचा वाढीशी चांगला संबंध निघाला. सरकारचा आकार आणि परदेशी व्यापार या भागांत मात्र जास्त गुण असलेल्या देशांची वाढ कमी निघाली! व्यापाराबाबतचा त्यांचा निष्कर्ष मला पचत नाही, त्याच्या उलट सांगणारे अभ्यास पुष्कळ आहेत. पण सरकारच्या आकाराबद्दल गोंधळ आहे हे त्यानंतरही पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि डेन्मार्क-भारताचं गणित तुम्ही आत्ताच केलंय, त्यामुळे तुम्हाला त्याचं आश्चर्य वाटू नये.

मग हे सगळं फोल आहे का? तर तसंही नाही. जोशुआ हॉल आणि रॉबर्ट लॉसन यांनी २०१४ मध्ये या निर्देशांकावर बेतलेले १९८ अभ्यास चाळले, दोन-तृतीयांशाहून जास्त अभ्यासांत चांगला परिणाम दिसला आणि वाईट परिणाम ४ टक्क्यांहून कमी अभ्यासांत. (लॉसन म्हणजे निर्देशांकाचेच एक जनक, हे ध्यानात ठेवून वाचायचं.) त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो केविन आणि रॉबिन ग्रिअर यांचा २०२१ चा अभ्यास. त्यांनी देश किती मोकळा ‘आहे’ हे न बघता किती मोकळा ‘झाला’ हे बघितलं. १९७० ते २०१५ या काळात १४१ देशांमध्ये मोठी आणि टिकलेली सुधारणा झाल्याची ४९ उदाहरणं सापडली. दहा वर्षांनी असे देश, सुधारणा न केलेल्या त्यांच्यासारख्या देशांपेक्षा सरासरी १६ टक्के श्रीमंत होते. ही काही जादू नाही, पण आयुष्य बदलायला पुरेशी आहे.

पातळी आणि बदल यांत फरक करायला हवा हे याकोब दे हान आणि यान-एखबर्ट स्टर्म यांनी २००० सालीच सांगितलं होतं. त्यांच्या मते स्वातंत्र्य वाढलं की वाढीचा दर वाढतो, पण नुसती पातळी जास्त असली म्हणून दर जास्त असतो असं नाही. चीनचं कोडं इथे थोडं सुटतं. हेरिटेजच्या २०२४ च्या यादीत चीन ४८.५ गुणांवर, म्हणजे सगळ्यात खालच्या, ‘दडपलेल्या’ गटात. भारताच्याही मागे. तरी १९७८ नंतर चीन कुठून कुठे गेला! कारण सुरुवात जवळजवळ संपूर्ण बंदिस्त अवस्थेतून झाली. शेतकऱ्याला कोटा भरून उरलेलं धान्य विकायची परवानगी मिळाली, एवढ्याने सुद्धा मोठा फरक पडला. दार पूर्ण बंद असताना बोटभर उघडलं तरी वारा येतो.

भारताचं काय? १९९१ ला दार उघडलं, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण दानी रॉड्रिक आणि अरविंद सुब्रमण्यन यांनी दाखवलं की वाढीचा वेग १९८० च्या आसपासच बदलला होता, परवाना राज शाबूत असताना. अरविंद पानगढिया यांचं म्हणणं, ती ऐंशीच्या दशकातली वाढ कर्जावर उभी होती आणि म्हणूनच १९९१ चं संकट आलं. मी या वादात पानगढियांच्या बाजूला थोडी जास्त झुकते, पण पूर्ण नाही.

मुंबईतल्या दोन इमारती आणि १,४४५ दिवस

आता एक गोष्ट सांगते जी आपल्या अगदी अंगणात घडली. जागतिक बँक ‘डुइंग बिझनेस’ नावाचा अहवाल काढायची. धंदा सुरू करणं, वीज जोडणी, बांधकाम परवाना, करार पाळायला लावणं अशा दहा बाबतींत किती दिवस, किती टप्पे, किती पैसे लागतात याची यादी. हेरिटेज आणि फ्रेझर दोघेही यातले आकडे आपल्या निर्देशांकात वापरत. भारत २०१४ साली निघालेल्या यादीत १४२वा होता. २०१९ मध्ये ६३वा! तेव्हाचे मथळे तुम्हाला आठवत असतील.

आता बारकाईने बघू. भारतासाठी मोजणी होत होती दोनच शहरांत, मुंबई आणि दिल्ली, वजन ४७ आणि ५३ टक्के. पुणे, नागपूर, कोल्हापूर, रायपूर, कुणीच नाही. बांधकाम परवान्यात भारत दोन वर्षांत १८१ वरून २७ वर आला. मुंबई आणि दिल्लीच्या महापालिकांनी परवान्याची प्रक्रिया ऑनलाइन केली, टप्पे कमी केले. हे काम खरं होतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण निर्देशांकात प्रत्येक देशासाठी एक ठरावीक कल्पित गोदाम घेतात आणि ते बांधायला किती परवाने लागतात ते वकील-आर्किटेक्टना विचारतात. दोन शहरांत ते कल्पित गोदाम पटकन बांधता येऊ लागलं की अख्ख्या देशाचा नंबर वर.

त्याच यादीत एक रकाना मात्र जागचा फारसा हलला नाही. करार पाळायला लावणे. भारत १९० पैकी १६३वा. साधा व्यापारी दावा निकाली निघायला १,४४५ दिवस, म्हणजे जवळपास चार वर्षं. सिंगापूरला १६४ दिवस. फॉर्म ऑनलाइन करता येतो, वेबसाइट बांधता येते, पण न्यायाधीश, कोर्टरूम, तारखा आणि स्थगिती यांचं काम एका सचिवाच्या आदेशाने होत नाही. नंबर ६३ झाला त्या २०१९-२० सालात देशाचा वाढीचा दर ४ टक्क्यांच्या आसपास घसरलेला होता. नंबरामुळे घसरला असं अजिबात म्हणायचं नाही. नंबर आणि दर एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते, एवढंच.

पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये जागतिक बँकेने हा अहवालच बंद केला. चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांत गैरप्रकार आढळले होते. भारताचं नाव त्यात नव्हतं. पण त्याआधीच, २०१८ मध्ये, बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ पॉल रोमर यांनी चिलीची जाहीर माफी मागितली होती. चिलीचा नंबर वर्षानुवर्षं खालीवर होत होता तो देशात काही बदललं म्हणून नव्हे, मोजायची पद्धत बदलत होती म्हणून. आणि तो नंबर तिथल्या राजकारणात हत्यार म्हणून वापरला जात होता. बेस्ट ऑफ फाइव्हची आठवण पुन्हा झाली असेल.

जे रकान्यात बसत नाही

सिंगापूर दोन्ही याद्यांत सतत शिखरावर किंवा शिखराजवळ असतं. तिथली सुमारे ९० टक्के जमीन सरकारची आहे. पाचपैकी जवळपास चार रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. आपल्या म्हाडाने मुंबईत ऐंशी टक्के लोकांना घरं दिली अशी कल्पना करा, आणि मग त्या शहराला कुणी जगातली सगळ्यात मोकळी अर्थव्यवस्था म्हणतंय असं ऐका. पगारातला मोठा हिस्सा सक्तीने भविष्य निधीत जातो. पण सरकारचा वार्षिक खर्च कमी, शुल्क जवळजवळ शून्य, न्यायालयं झटपट, म्हणून गुण भरपूर. जमिनीची मालकी कुणाची, हा प्रश्न परीक्षेत विचारलेलाच नाही.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर लासलगावात सापडेल. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही किमान निर्यात मूल्य आणि शुल्काच्या अटीसकट. नाशिक-नगरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने परदेशी व्यापाराचं स्वातंत्र्य त्या पाच महिन्यांत शून्य होतं. निर्देशांकात हे कुठे दिसतं? व्यापाराच्या भागाचा मुख्य कणा आहे आयात शुल्काची सरासरी. एका पिकावर रात्रीतून आलेली निर्यातबंदी त्या सरासरीला स्पर्शही करत नाही. शरद जोशी हयातभर सांगत राहिले की भारतीय शेतकऱ्याला मिळते ती सबसिडी उणे असते, सरकार त्याला देतं त्याहून जास्त, भाव पाडून काढून घेतं. त्यांच्या सगळ्या राजकारणाशी तुम्ही सहमत असा किंवा नसा, हे स्वातंत्र्याच्या मोजमापाबद्दलचंच विधान होतं, आणि व्हँकूव्हर-वॉशिंग्टनच्या चश्म्यातून ते दिसत नाही. त्या याद्या बनवणाऱ्यांच्या देशांत स्वातंत्र्याचा मुख्य प्रश्न आयातीचा असतो, आपल्या शेतकऱ्याचा निर्यातीचा.

देशांच्या तुलनेतला हा सगळा गुंता टाळायचा एक मार्ग म्हणजे एकाच देशातली राज्यं तुलनेला घेणं. बिबेक देबरॉय आणि लवीश भंडारी यांनी भारतीय राज्यांसाठी असा निर्देशांक केला होता. राज्यांना रुपया एकच, आयात शुल्क एकच, राज्यघटना एकच, त्यामुळे चलन आणि परदेशी व्यापार हे दोन भाग आपोआप गळतात. उरतात सरकारचा आकार, कायदा-मालमत्ता आणि नियमन. इतिहास, वसाहत, धर्म, भूगोल यांचा निदान थोडा भाग तरी समान राहतो, मग बाणाची दिशा शोधणं जरा सोपं होतं.

माझं काम याच खिडकीतून सुरू आहे, पण सरासरी न काढता. तीनपैकी मी एकच भाग घेते, न्यायालयांचा, आणि तज्ज्ञांच्या मताऐवजी प्रत्यक्ष खटले मोजते. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, सगळ्यांना खुलं. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत देशभर चार कोटींहून जास्त खटले पडून आहेत, हा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. पण तिथे जाऊन राज्य निवडा, मग तुमचा जिल्हा निवडा. दिवाणी आणि फौजदारी असे वेगळे रकाने येतील. त्यातला दिवाणी घ्या, आणि किती खटले दहा वर्षांहून जुने आहेत तो आकडा बघा. शेताच्या बांधाचे, सातबाऱ्यावरच्या नावाचे, भाडेकरूचे, थकलेल्या बिलाचे. शेजारच्या जिल्ह्याचाही बघा. दोन्हींत बराच फरक दिसला तर तो कशामुळे असेल, याचा तुमचा अंदाज खाली लिहा. मी सध्या नेमकी त्याच प्रश्नावर अडकले आहे.